भरीत इंडस्ट्रीतली मंदी

१ डिसेंबर, चोपडा
जळगावला उद्योजकांचा सेमिनार केला. सर म्हणाले, धंदा दोन गोष्टींवर चालतो. इंडस्ट्रीची परिस्थिती आणि कंपनीचे रिसोर्सेस. आमच्या 'कुंदन भरीत सेंटर'कडे मी आहे, म्हणजे रिसोर्सेस उत्तम. दोष इंडस्ट्रीचाच. फार हलकं वाटलं.
मेव्हण्याने, भूषणने, संक्रांतीची मुदत दिलीय. तोवर सेंटर चाललं नाही तर धुळ्याला त्याच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं. मेलो तरी बसणार नाही.

४ डिसेंबर
वांगी भाजायला गॅसचं मशीन आणलं. धूर नाही, राख नाही. मागे वांगी भाजायच्या कपाशीच्या काड्यांचा ढीग, अगदीच गावंढळ. सात वर्षं वांगी भाजून ठेचणाऱ्या भिकुबाईंना रजा दिली. त्यांनी विचारलं, भाऊ, मंग या बठ्ठ्या काड्या मी लई जाऊ का? म्हटलं, सगळ्या न्या की! मुसळही नेलं. फुकटात साफसफाई.

९ डिसेंबर
गिऱ्हाईक कमी. रोजचे गिऱ्हाईक रुपचंद आबा म्हणाले, भरीतले धुराना वासच नही शे. त्यांना धुराचे तोटे समजावले. अर्धं ताट टाकून गेले.

१५ डिसेंबर
स्टँडजवळच्या निंबाखाली भिकुबाई काड्यांवर वांगी भाजताना दिसल्या. या मंदीत बाईचं कसं व्हायचं! वाईट वाटलं.

१६ डिसेंबर
निंबाखाली रांग. फुकट वाटत असणार.

२२ डिसेंबर
बाजारात चांगलं वांगं नाही. सगळी भिकुबाईंनी पहाटेच उचलली. इंडस्ट्रीची परिस्थिती बिघडलीय, मी म्हणतच होतो.

२ जानेवारी
भूषण अचानक जेवायला आला. मी मागच्या दाराने निंबाखाली. रांगेत पाऊण तास. भूषण बोटं चाटत म्हणाला, दाजी, जमलं बरं का! बायको, दिपमाला, भिकुबाईंचा डबा घासत होती. घासून झाला तसा माझ्या पुढ्यात ठेवला.
उद्यापासून रोज भरीत तिथूनच. याला आउटसोर्सिंग म्हणतात.

१२ जानेवारी
भिकुबाईंचा फोन. मला वाटलं, परत कामावर घ्या म्हणतील. घ्यायचं ठरवलंही होतं. तर म्हणाल्या, भाऊ, निंबखाले जागा पुरत नही, तुमनं सेंटर माले भाड्यानं द्या ना.
दिपमालाने होकार कळवला. मला न विचारता.

संक्रांत
बॅग भरली. उद्या सकाळची धुळे गाडी.
सेमिनारवाल्या सरांचा फोन आला. चोपड्याच्या भरिताची केस स्टडी करायचीय म्हणाले. सेमिनारची वही उघडून बसलो. मशीनपासून सुरुवात केली. त्यांनी थांबवलं. त्यांना भिकुबाईंचा नंबर हवा होता.
दिला. पाठच आहे.