पंपघराशेजारचा काठ: उत्तम

ती. मामांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एरवी घरच्या माणसाला इतकं लागत नाही, पण सध्या तुम्ही रागावलेले आहात.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. इकडे आई ठीक आहे, ताई आणि बाळ ठीक आहेत. माझा डावा बूट तेवढा तळ्यात आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. त्यात एकंदर चार ओळी आहेत आणि चारही मला लागल्या. तीन रविवार रिकामी टोपली. मामींनी विचारलं की मासे धरायला जाता की सर्दी धरायला. भाचा घरचा असून त्याने घात केला. आणि शेवटी, तोंड दाखवू नकोस. तोंड दाखवायचं नाही म्हणूनच लिहितो आहे, नाहीतर सरळ येऊन भांडलो असतो.

मामा, मला फक्त एवढं सांगा, धरणाच्या फुगवट्यावर जा असं मी कुठे लिहिलं होतं? माझ्या सदराची तिन्ही आठवड्यांची कात्रणं समोर घेऊन बसलो आहे. पहिलं: 'फुगवटा. पाणी चार अंश. मासा तळाला जाऊन बसला आहे, आमिषाकडे ढुंकून बघत नाही. जाऊ नये.' दुसरं: 'मुळीच जाऊ नये.' तिसऱ्यात 'मुळीच' ठळक अक्षरात आहे. (ठळक अक्षरासाठी वेगळी परवानगी लागते. ती मी दोनदा जिने चढून आणली.) आणि एवढं असूनही तुम्ही तिन्ही रविवार, असला गुडघा घेऊन, त्या बर्फासारख्या दगडावर चार-चार तास बसलात, आणि आता म्हणता की भाच्याने बसवलं!

माझी बाजू कोणीच ऐकत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. साप्ताहिकात मी मुद्रितं तपासतो हे तुम्हाला माहीत आहेच. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटले नाहीत, त्याच्यावरच ती नोकरी मिळाली. 'हिवाळ्यातील पाणी व मासे' हे सदर एकोणीस वर्षं खुर्चीकाका लिहीत होते. (त्यांना हे नाव का पडलं ते त्यांच्या खुर्चीची गादी पाहिली की कळतं.) ते निवृत्त झाले आणि संपादकांनी सदर माझ्याकडे दिलं, हिवाळाभर, अजमावून बघण्यासाठी. खाली नाव नसतं, तरी माझ्या हातचं छापलेलं हे पहिलंच. आईने पहिलं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. ती कपडे काढायच्या निमित्ताने ते दिवसातून तीनदा वाचते.

खुर्चीकाकांची पद्धत सोपी होती. दर बुधवारी चार जुन्या गळवाल्यांना फोन करायचा आणि ते सांगतील ते लिहायचं. मला फोनवर नीट ऐकू आलं की नाही अशी धास्ती वाटते, म्हणून मी त्या चौघांकडे प्रत्यक्ष गेलो. न्हावी म्हणाला, तळ्यात आता शेपूटसुद्धा उरलेली नाही. हे सांगताना त्याच्या कॉलरवर माशाचा खवला चमकत होता. दातांचे डॉक्टर म्हणाले, नदी संपली, फुगवट्यावर मात्र नुसता दंगा चाललाय माशांचा. त्यांचा हात पेशंटच्या तोंडात होता. तो पेशंटही गळवाला असावा, कारण तेवढ्या अवस्थेतही त्याने जोरजोरात मान हलवून दुजोरा दिला. मामा, मी लहान माणूस आहे, पण खवला मला दिसतो. मी ठरवलं, आपण स्वतः जायचं, मोजायचं, आणि मगच लिहायचं.

तापमापक ताईच्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्याचा होता. (धुऊन जागेवर ठेवला आहे. तिच्याजवळ बोलू नका.) तो दोरीला बांधून मी फुगवट्यावर गेलो, नदीच्या वळणावर गेलो, आणि तळ्यावर तीन ठिकाणी मोजायचं ठरवलं, कारण एका ठिकाणाचा काय भरवसा. काठाला दुधावरच्या सायीसारखा बर्फ धरला होता. पहिली दोन ठिकाणं झाली. तिसऱ्याला, पंपघराशी, साय पातळ होती, ती फाटली आणि मी कमरेपर्यंत आत. डावा बूट तिथेच राहिला. पण तापमापक मी पाण्यातून काढून डोक्याच्या वर धरला आणि तशा स्थितीत वाचला: नऊ अंश! पंपघरातून कोमट पाण्याचा नळ तळ्यात सोडला आहे, त्याच्या तोंडाशी सगळे मासे शेकत बसल्यासारखे गोळा झाले होते. एक मिशीवाला तर माझ्या उजव्या बुटाची चौकशी करून गेला. घरी येऊन, पाय गरम पाण्यात ठेवून, मी लिहिलं: 'तळे, पंपघराशेजारचा काठ: उत्तम. वेळ दुपारी बारा ते तीन. आमिष गांडूळ. जरूर जावे.'

रविवारी मी मुद्दाम तिथे गेलो. म्हटलं, गर्दी झाली असेल, एखादा तरी म्हणेल, वा. तिथे एक बदक होतं. परतताना फुगवट्यावरून आलो तर तिथे तेवीस माणसं (मी दोनदा मोजली) खांद्याला खांदा लावून बसलेली, सगळ्यांची नाकं लाल, आणि टोपल्या जशा आणल्या तशा. मला वाटलं, अक्षर बारीक पडलं असेल. म्हणून पुढच्या वेळी मोठं घेतलं. तर तेवीसचे एकतीस झाले.

सोमवारी शिष्टमंडळ कचेरीत आलं. पुढे न्हावी, मागे डॉक्टर, आणि त्यांच्या मागे शिंकणारे पाच जण. न्हाव्याने माझ्या टेबलावर हात टेकले आणि म्हणाला, "अरे बाबा, तू चालवलंयस काय? एकोणीस वर्षं आम्ही हे सदर उलटं वाचत आलो. जा म्हटलं की जायचं नाही, जाऊ नका म्हटलं की पहाटे उठून पळायचं. एक रविवार वाया गेला नाही!"

मी म्हणालो, पण तुम्हीच त्यांना खोटं सांगत होता.

"मग? खरी जागा पेपरात देतं का कोणी? मी माझी लपवायची, ह्याने ह्याची लपवायची, काका इमानदारीत सगळं छापायचे. कसं सुरळीत चाललं होतं! त्या खोट्याला शिस्त होती रे. तुझ्या खोट्याला ना शेंडा ना बुडखा."

मी शपथेवर सांगितलं की माझा शब्द न् शब्द खरा आहे, मी स्वतः पाण्यात उतरलो होतो, बूट गेला आहे. तर डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, शपथ तर आम्ही सगळेच घेतो." आणि सगळे हसले. मामा, त्या हसण्यात तुमचे शेजारीही होते.

ते गेल्यावर संपादकांनी मला आत बोलावलं. म्हणाले, वाचकांचा विश्वास उडाला आहे. या शुक्रवारी पूर्वीसारखं लिही. रविवारी पुन्हा टोपल्या रिकाम्या आल्या तर सदर डॉक्टरांच्या मेव्हण्याकडे जाईल. म्हणजे उत्तम असेल तिथे जाऊ नये लिहायचं, की लोक जातील, मासे मिळतील, आणि मला म्हणतील, आता जमलं हं तुला! मामा, मला सांगा, हे कुठल्या शाळेत शिकवतात? आणि मला सगळ्यात जास्त चीड तुमची आली. एकोणीस वर्षं तुम्हीही उलटं वाचत होता. मला मांडीवर घेऊन वाचून दाखवत होता! भाच्याला सदर मिळालं म्हणून पाठ थोपटलीत, पण एका शब्दाने सांगितलं नाहीत. वर मीच घात केला! मी काही लिहिलेलं बदलणार नाही. माझी चूक नाही आणि मी माफी मागणार नाही, हे कळवण्यासाठीच हे पत्र. मामींना नमस्कार, गुडघ्याला ऊब द्या, आणि राग निवळला असेल तर दोन ओळी टाका; निवळला नसेल तरी टाका.

तुमचा (अजूनही),
भाचा

ता. क. तुमची गळाची दुसरी काठी आणि घडीची खुर्ची सध्या वापरात नसेल तर मिळेल का? लोखंडी बुडाची डबीही. (गांडुळांसाठी.)

ता. क. दुसरा. काही लपवणं मला जमत नाही, म्हणून सांगून टाकतो. पहिल्या रविवारी मी पंपघराशी नुसताच उभा होतो. दुसऱ्या रविवारी सदराची खातरजमा करावी म्हणून बांबूच्या काठीला दोरी बांधून बसलो. तीन मिळाले. तिसऱ्या रविवारी पाच, त्यात तो मिशीवाला, माझ्या हाताएवढा. त्या काठावर मी आणि बदक, दुसरं कोणी नाही. इतकं शांत मला कचेरीत कधी वाटलं नव्हतं.

ता. क. तिसरा. शुक्रवारचं सदर आत्ताच देऊन आलो. 'पंपघराशेजारचा काठ: अत्युत्तम. सर्वांनी अवश्य यावे.' सगळं खरं आहे. सोमवारी सदर जाईल, आईला काय सांगायचं ते बघू. पण मेव्हणा लिहायला लागला की न्हावी त्याला सांगणार, तळ्यात काही नाही. तो तसं छापणार. आणि सगळा गाव पंपघराशी लोटणार. तेव्हा मामा, मोकळा काठ मिळायचा हा शेवटचाच रविवार. बाराला या. गुडघ्यासाठी नळाजवळची कोरडी जागा मी धरून ठेवतो. वाटेत न्हाव्याने विचारलंच, कुठे निघालात, तर खरं तेच सांगा. तो येणार नाही.