बादल्या पालथ्याच आहेत

अगं,

लेक आणि नात दुपारच्या गाडीने येतायत, त्यांना आणायला स्टेशनवर निघालोय. आधी हे वाच, मग काय आरडाओरडा करायचा तो कर.

नात रांगायला लागली हे कळल्यापासून मला चैन नाही. म्हणून सकाळी मीच घरभर रांगलो. शेजारीण दारात उभी राहून पोट धरधरून हसली. हसू दे! जिच्यावरून तू माझ्यावर डाफरली होतीस, ती सुई पलंगाखाली सापडली. कपाट स्क्रूने भिंतीला आवळलंय. औषधं वरच्या फळीवर आहेत. तुझा हात पुरणार नाही, मला हाक मार.

बादल्याही बघितल्या. नेहमीसारख्या पालथ्याच आहेत. आपला रांगता धाकटा बादलीत गेल्यापासून या घरात भरलेली बादली कुणी ठेवली नाही, आताही ठेवायची नाही.

पण नातीला पाण्यात खेळायला फार आवडतं म्हणे. संध्याकाळी टबात चार बोटं पाणी घेऊ. एका बाजूला तू बस, दुसऱ्या बाजूला मी. नाही म्हणू नकोस. धाकट्याचं रबरी बदक माळ्यावरून काढून धुऊन ठेवलंय.

दाबलं की अजून तस्संच ओरडतं गं!