रावण आपल्या घरचा

प्रिय दिपेश,

पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी घोटभर पाणी पी. कोणालाही काही झालेलं नाही. म्हैस व्यायली, पारडी झाली, हँडपंपाला परत हवाच येते, टँकर येतो म्हणतात आणि येत नाही. या झाल्या नेहमीच्या गोष्टी. खरी बातमी वेगळीच आहे आणि ती कधी एकदा तुला सांगते असं मला झालंय. फोन करता आला असता. पण आपल्या सूर्यमाळला रेंज धरायला मला टेकाडावर चढावं लागतं, आणि एवढ्या धापा टाकत चढले की तू 'हां आई, हां आई' करत ठेवून देतोस. पत्राला मध्येच 'हां' म्हणता येत नाही. तेव्हा बस आता निमूट आणि वाच.

बोहाडा जवळ आला, देवीपुढं मुखवटे नाचवायच्या रात्री आल्या. घरोघर माळ्यावरचे मुखवटे खाली उतरलेत, रंगाच्या डब्या उघडल्यात, संबळवाल्याला सुपारी गेली. पोरं ताटल्या बडवत पावलं टाकतात आणि अंगणवाडीत माझं कोणी ऐकत नाही. आणि आपल्या घरात मात्र कालपरवापर्यंत नुसती धुसफूस, कारण यंदा आपला रावण उठणार की नाही हेच ठरत नव्हतं. बाबांच्या गुडघ्याचा जव्हारच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. दहा तोंडांचा रावण घेऊन नाचणं लांबच राहिलं, ओटा उतरताना ते माझा खांदा धरतात आणि वर मलाच सांगतात, सावकाश चाल म्हणून. तुझ्या पणज्यापासून रावण आपल्याकडे आहे. पण ज्या घरातून सोंग उठत नाही, त्याचं सोंग दुसऱ्या घरी जातं आणि गेलेलं परत येत नाही, हे तुला मी काय सांगायचं. पलीकडच्या आळीतला मुकेश वाटच बघत होता. पोर वाईट नाही रे, पावलंही बरी टाकतो, पण माझ्या घरचा रावण त्याच्या माळ्यावर? विचार करूनच मला जेवण जाईना.

बाबा दुसरं नाव घेतील तर शपथ. तुझं तर नाव काढायचीच सोय नव्हती. वर्षभर तू आमच्या घरात 'तो' झाला होतास. 'त्याचा' फोन आला होता का, 'त्याचे' कपडे पेटीत घाल. मागच्या बोहाड्याला त्यांनी तुला पुढं बोलावून रावणापुढं डोकं टेकवायला सांगितलं, पुढल्या वर्षी तुझी पाळी म्हणून. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास की मी मानत नाही, मग डोकं कशाला टेकवू, हे सगळं सोंग आहे. पिशवी उचलून खोडाळ्याची जीप धरलीस ती धरलीसच. मला तुझं म्हणणं कळतं. मनात नसताना हात जोडणं ही लबाडी, हे लहानपणी मीच तुला सांगितलेलं. आणि बाबांचंही कळतं, कारण रावण उतरवल्यावर ते कसे थकून, सुखानं, एखाद्या पोरासारखे झोपतात ते मीच बघितलंय. दोघांचंही कळत असलं ना, की भांडायलासुद्धा बाजू उरत नाही. मी चुलीशी बसून रडले, धुराचं निमित्त बरं असतं.

आणखी एक सांगते, तुला ठाऊक नाही. तुम्ही नाटकवाल्या पोरांनी नाशिकहून येऊन खोडाळ्याच्या बाजारात ते पथनाट्य केलं ना, भोंदू भगताचं, तेव्हा मी सुकटीवालीच्या मागं उभी होते. पुढं आले नाही, म्हटलं मला बघून वाक्यं विसरशील. माझ्या शेजारी कोण होतं माहीत आहे? जिव्या आजा! आपल्या पाड्याचा खरा भगत, आणि समोर तू डोळे फिरवत लिंबातून रक्त काढतोयस. माझी तर पाचावर धारण बसली, आता हा म्हातारा काय करतो म्हणून. तर हा बाबा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मग मला म्हणाला, पोराला सांग, लिंबू असं धरत नाहीत, बघणाऱ्याला सुई दिसते. आणि निघताना म्हणाला, पाय मात्र बापाचेच, लक्ष्याचेच उचललेत. तुझ्या नाटकातली ती उडी बाबांच्या रावणाची आहे रे. तुला कळलं होतं का? 

तर मुद्द्यावर येते. परवा दुपारी देवळापुढच्या आंब्याखाली बैठक बसली, कोणाचं सोंग कोण उचलणार ते ठरवायला. आपल्या घरावर आलं तेव्हा मुकेशनं चांगल्या शब्दांत विचारलं, काका, यंदा मी घेऊ का. बाबा गुडघा चोळायला लागले. कोणीतरी म्हणालं, दिपेशला बोलवा की. झालं! बाबा उसळले. त्याचं नाव नको, सगळ्या गावासमोर तो आपल्या बोहाड्याला सोंग म्हणाला.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. पण रागानं नाही हं, कोणाला काही समजेचना म्हणून! जिव्या आजानं कानाला हात लावून परत विचारलं, काय म्हणाला? सोंग म्हणाला, बाबा ओरडले. तेव्हा आजा म्हणाला, "मग दुसरं काय म्हणायचं होतं त्यानं? सोंगच हाय ते."

अरे, माझं हसू मला आवरेना. तूच सांग, आपल्या पाड्यात या शब्दाला कधी कमीपणा होता का? गणपतीचं सोंग, सारजेचं सोंग, रावणाचं सोंग. सोंग घ्यायचं, नाचवायचं, उतरवायचं. पण बाबांची सगळी नोकरी झाली जव्हारच्या ऑफिसात, तिथं आजाराचं सोंग करून रजा काढतात. आणि तू शिकलास शाळेच्या मराठीत, तिथं सोंग म्हणजे ढोंग. तेव्हा तू शिवी दिलीस आणि ती बाबांनाच तेवढी बरोब्बर लागली, बाकी पाड्याला पत्ताच नाही! तू डोकं टेकवलं नाहीस तेही कोणी मनावर घेतलं नव्हतं, वर्षभर लोक समजत होते की पोरगा बापाशी नोकरीवरून भांडून गेला. मुकेशच्या आईनं तर तुझी नोकरी टिकावी म्हणून नवससुद्धा बोललाय. तो फेडायचा की नाही ते तुम्ही शहाणे ठरवा.

बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण कसले हटतात! म्हणाले, शब्दाचं सोडा, तो डोकं टेकवत नाही त्याचं काय, आणि टेकवल्याशिवाय मुखवटा बांधत नाहीत ही रीत आहे की नाही. हे खरंच होतं. सगळे परत आजाकडं बघायला लागले. तेव्हा मी बोलले. हो, मी, भर बैठकीत! म्हटलं, आपल्या पाड्यातल्या फागीनं वारकऱ्यांची तुळशीमाळ घातल्यापासून ती कोंबडं कापताना पलीकडं तोंड करून बसते, आणि कापून झालं की येऊन सगळ्यांत जास्त तीच नाचते. तिला आपण कधी म्हटलं का, की इकडं तोंड कर, नाहीतर नाचू नको? फागी तिथंच होती, लाजून तिनं पदर तोंडात धरला. आजानं तोंडातलं पान एका गालात सरकवलं. मग म्हणाला, "ज्याला मानायचं त्यानं मानावं, ज्याला नाचायचं त्यानं नाचावं. दोन्ही एकाच माणसाला जमलं पाहिजे, असं देवी कधी म्हणाली?"

डोकं घरानं टेकवायचं असतं, घरातलं कोणीही चालेल, असा त्यानं निवाडा दिला. बाबा म्हणाले, माझा गुडघा वाकत नाही. मी म्हटलं, मी टेकवते. लगेच चार पुरुष खाकरले, सोंग सजतं तिथं बाया येत नाहीत म्हणून. मला असा संताप आला! वर्षभर त्या रावणाची धूळ कोण पुसतं? पावसाळ्यात त्याला बुरशी लागू नये म्हणून चुलीवर कोण टांगतं? उंदीर कोण हाकलतं? हात लावलेला चालतो तर डोकं टेकवलेलं का चालू नये? आजानं मान डोलावली. सगळ्यांच्याच घरी तेच आहे ना. तेव्हा तुझी आई यंदा रावणापुढं डोकं टेकवणार आणि स्वतःच्या हातानं मुखवटा बांधणार. मला दोन दिवस झोप नाही. लुगडं कुठलं नेसू तेही ठरवून झालं, हिरवं.

तुझ्याकडूनही थोडं हवं, नाहीतर म्हणशील सगळं आपल्या मनासारखं झालं. दिवसभर उपास, तो मानून कर नाहीतर पोट हलकं राहावं म्हणून कर. पायात चप्पल नको. आणि कोणाला वारं आलं, कोणी घुमायला लागलं, तर त्याचा हात धरून प्रश्न विचारायचे नाहीत. ते तुझ्या नाटकात विचार, तिथं आम्ही ऐकायला येऊ. आजा म्हणाला, तोंड वाकडं केलंस तरी चालेल, रावणाच्या आत कोणाला दिसतंय.

बाबा त्या दिवशी घरी आले. भाकरी खाल्ली, पाठ करून झोपले. मला वाटलं, पाड्यानं ऐकलं पण हा माणूस काही ऐकत नाही. काल सकाळी उठून बघते तर रावण अंगणात आणि हे त्याच्या आत डोकं घालून बसलेले. आतली बांबूची कडी, डोक्यावर बसते ती, सोडवून काढली होती आणि नव्या कामट्या पाण्यात भिजत घातल्या होत्या. मी विचारलं, चांगली कडी का काढली. तर म्हणतात, उंदरांनी कुरतडली. माझ्या घरात उंदीर! मी तशी ऐकून घेणारी नाही, पण काल ऐकून घेतलं.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. पाकिटात सुतळी आहे, ती फेकून देऊ नकोस. कानांच्या वरून डोक्याभोवती फिरव, जिथं टोक येईल तिथं गाठ मार आणि लगेच उलट टपालानं पाठव. कामटी ओली आहे तोवरच वाकते, एकदा वाळली की डोकं बदलून चालत नाही. फोनवर सेंटिमीटर सांगू नकोस, बाबांच्या हाताला सेंटिमीटर समजत नाहीत. ये असा हुकूम मी करणार नाही. पण यावंस असं फार, फार वाटतं. नसेलच यायचं, तर गाठ न मारता सुतळी तशीच पाठव. टपालात हरवली म्हणून मी घरात सांगेन आणि कडी मुकेशच्या मापाची होईल, तुला कोणी बोल लावणार नाही. सुतळी जरा जास्तच लांब आहे, ती मी कापलेली नाही. मी म्हटलंसुद्धा, एवढी कशाला, निम्मी वाया जाईल. तर विळीवरून मान वर न करता म्हणाले, "दिपेशचं डोकं मोठं आहे. कमी पडायला नको."

वाट बघणारी,
तुझीच आई