राणीचा टाक

६ नोव्हेंबर, मडगाव
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
जुन्या घराची फरशी उखडताना चांदीचं नाणं सापडलं. वर अंबाडा घातलेली बाई. मालकीण म्हातारी म्हणाली, ने, तुलाच राहू दे. माझ्यासोबत फरशी बसवणारा गुलाबसिंग म्हणतो, जत्रेतला बिल्ला हाय. गुलाबसिंगला अक्कल कमी.

७ नोव्हेंबर
बिल्ला न्हाई. फोटो टाकला तर मुंबईच्या एका शेठचा मेसेज. पोर्तुगीज राणी, गोव्याच्याच टांकसाळीतला रुपया, लई रेअर. बघायला आमच्या गावाकडं, हिंगोलीपर्यंत येतो म्हणे. अट एकच, घासायचं न्हाई.
आता शिवकन्येच्या बापाशी बोलायला हरकत न्हाई. किसनराव दिवाळीत म्हणाले होते, पोरगं गोव्यात काय करून राहिलं ते सांगा, मग पोरीचं बघू. आता सांगतो. कॉइन बिझनेस.

९ नोव्हेंबर
खोलीतल्या लोकांचा भरवसा न्हाई. आपल्या गावचा देविदास ट्रक घेऊन चालला होता, त्याच्या हातानं नाणं मायकडं पाठवलं. खंडोबाला नवस बोललो, नाणं विकलं की चांदीचा नवा टाक करीन. देव्हाऱ्यातला जुना इतका झिजला की देव कोणता अन् घोडा कोणता कळत न्हाई.

१२ नोव्हेंबर
मायला फोन. सगळं समजावलं. देवाजवळ ठेव, घासू नको, विकलं की टाक करायचा, नवस हाय. रेंज तुटत होती. ती लई वेळ काय? काय? करत होती, मग व्हय म्हणाली. माय हुशार. मुद्दा बराबर पकडते.

१३ नोव्हेंबर
काम सोडलं. मुकादमाला म्हणालो, फरशी तुमची तुमी बसवा. तो म्हणाला, काहून रे, लॉटरी लागली का. नुसता हसलो. असं हसायची सवय करायला पाहिजे.

१७ नोव्हेंबर, गाव
उद्या शेठ वारंगा फाट्यावर येणार. किसनरावांनाही तिथंच चहाला बोलावलं. त्यांच्यासमोरच सौदा होऊ दे.

तीच तारीख, संध्याकाळ
माय म्हणाली, आधी देवाच्या पाया पड. पडलो. देव्हाऱ्यात खंडोबा नवाकोरा, घोड्याचे दात सुद्धा दिसून राहिले. विचारलं, नाणं कुठं? ती म्हणाली, हेच की. तूच म्हणालास चांदीचा टाक करायचा, नवस हाय. सेनगावच्या सोनाराकडून आटवून घेतला. पण घासलं न्हाई, तुझी शप्पथ.
राणी टांकसाळीतून निघाली अन् टाकात बसली.

१८ नोव्हेंबर
शेठनं टाक हातात घेतला, कपाळाला लावला अन् आला तसा गेला. चहा पण घेतला न्हाई.
किसनराव म्हणाले, घोडा झकास हाय, बिझनेस कुठं हाय? पोरीचं नाव काढलं तर म्हणाले, देवासमोर खोटं बोलवत न्हाई, तिला सेनगावचं स्थळ बघून राहिलो. बघून राहिलो म्हणाले. ठरलं असं न्हाई म्हणाले. नोंद करून ठेवतो.

१९ नोव्हेंबर
मुकादमाला सहज फोन केला. माझ्या जागी गुलाबसिंगचा साडू लागला.
शांतपणे विचार केला. नवस आधीच फेडला, म्हणजे आता देणं खंडोबाकडं निघतं. नाणं विकून द्यायची जिम्मेदारी त्याची. मायला सांगितलं. ती म्हणाली, व्हय, तोवर तुरीला पाणी दे.
निघालो. देवाचं काय सांगावं, मोबाईल सोबत घेतला हाय. शेतात रेंज न्हाई.