घराखालच्या माशांचं पथ्य

प्रिय बाबा,

थोआचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, पोटभर जेवते, आईला सांगा.

बाबा, आपल्या नदीवर तरंगत्या घराखालच्या पिंजऱ्यातले मासे खात नाहीत, ते नदी बिघडली म्हणून नसावं! प्रयोगशाळेत मी काही माशांना आपल्यासारखाच, पत्र्याखाली तापलेला जुना भाताचा कोंडा दिला. त्याचं तेल खवट होतं. ते सोसताना माशांच्या अंगातली राखणदार जीवनसत्त्वं संपतात, यकृत बिघडतं. मग ताजा कोंडा आणि ई जीवनसत्त्व सुरू केलं. आज तेच मासे घासावर असे तुटून पडले की मी नखशिखांत भिजले! मी ओरडले, तर आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख हान्हबाई म्हणतात, "अगं, मासे जेवलेत, तुझं लग्न नाही ठरलं!"

पुरात गिरणी बंद असते म्हणून तुम्ही कोंड्याची पोती आधीच भरून ठेवता, ठाऊक आहे मला. पण माशांना घालण्याआधी कोंडा आईला हुंगायला सांगा, तिला खवट लगेच कळतं. तुमचा खोकला कसा आहे?

शनिवारच्या नावेने तुमचं औषध आणि माशांचं ई जीवनसत्त्व घेऊन येते. तोवर पिंजरा विकायचा शब्द कोणाला देऊ नका. मला एक महिना द्या. तरीही मासे उसळले नाहीत, तर किनाऱ्यावरचं घर बघायला मीच तुमच्यासोबत येईन.

तुमची,
थोआ