लोडरमागची पेटी

मळ्यावरून, १२ सप्टेंबर २०२५

चि. शंभूराज यास रंगूआज्जीचे अनेक आशीर्वाद.

तिकडं डोंगरावर तुझा फोन लागत न्हाई, म्हणून मी बोलते आणि तुझी बायको लिहिते. रेश्माला तिच्या मनातलं लिहायचं असंल तर तिनं वेगळा कागद घ्यावा. ह्या कागदावर माझं राज्य हाय.

तुझ्या भावानं, यशराजनं, ट्रॅक्टरला पुढून लोडर बसवलाय. दोन लोखंडी हात आणि म्हशीच्या जबड्यागत बकेट. कालपर्यंत पाण्याचा तांब्या न उचलणारं पोरगं आता दिवसभर माती उचलतंय. ओढ्याकडचा उंचवटा खणतो आणि खालच्या खळग्यात नेऊन ओततो. गावातलं कोण दिसलं की भरलेली बकेट पार डोक्यावर नेतो. तवा मागची चाकं हलकी होतात, मला लांबनं दिसतं. तुझा बाप लालासाहेब म्हणतो, आई, तुला मशिनातलं काय कळतंय. मशिनातलं न्हाई, पण पोरातलं कळतं. तू पलटणीत असलीच यंत्रं चालवतोस, तर त्याला चार शब्द लिही. माझं तो हसण्यावारी नेतो.

आमची आठवण काढशील ती कानटोपी घालून काढ.

तुझी आज्जी


२१ सप्टेंबर

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

तुझा कागद पोचला, रेश्माचा वेगळा कागदही पोचला.

यशाला वाचून दाखवा. पुढं ओझं उचलायचं तर ट्रॅक्टरच्या मागंही वजन पाहिजे. लोखंडी पेटी करून दगडांनी भर आणि मागच्या लिफ्टला अडकव. पेटी नसेल तर लोडरला हात लावू नको. भरलेली बकेट गुडघ्याएवढी खाली ठेवून चाल, उतारावर आडवा जाऊ नको. आमच्याकडं हे विसरणाऱ्याला उस्ताद रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. यशाला म्हणावं, तुझ्या फेऱ्या मी सुट्टीवर आलो की.

आज्जी, तुला पोरातलं कळतं हे आबांना मी सांगायची गरज न्हाई, ते तुझंच पोर आहेत.

तुझा शंभू


५ ऑक्टोबर

चि. शंभूराज यास आशीर्वाद.

तुझ्या युनिटला फोन गेलाय. तरी मी सांगते, कारण बाकीचे माझ्यापुढं अर्धंच बोलतात. यशा जिवंत हाय, हे आधी. उजवा पाय गुडघ्याखालनं काढावा लागला. सांगलीच्या दवाखान्यात हाय.

तुझं ऐकून त्यानं सांगलीजवळच्या कुपवाडातनं पेटी करून आणली होती. ती अडकवल्याशिवाय ट्रॅक्टर हलवत नव्हता. खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, पेटी, सगळं धुऊन शेडात पूजेला मांडलं. पेटी सपाट, म्हणून समई मीच तिच्यावर ठेवली. दुपारी पावसानं ओढ्याचा बांध फुटला आणि पाणी शालूबाईच्या घराकडं निघालं. म्हातारी आत एकटी. यशा पळत आला, म्हणाला, आज्जी, पेटी घेतो. मी म्हणाले, आरं दिवा तेवतोय तिच्यावर, नवमीचा विझवतोस व्हय. दोन बकेटी मातीला कशाला पायजे पेटी, तसाच जा.

तसाच गेला. भरलेली बकेट घेऊन उतारावर वळताना मागचं चाक उचललं आणि ट्रॅक्टर त्याच्या पायावर आडवा झाला. शालूबाई घरातनं बाहेर आली ती त्याचं डोकं मांडीवर घ्यायलाच.

समई रात्रीपर्यंत तेवत होती.

लालासाहेब माझ्याशी बोलत न्हाई. यशा कुणाशीच बोलत न्हाई. तुला राग आला असंल तर तो लिहून धाड. रेश्मा वाचून दाखवंल, मी ऐकीन.

आज्जी


१६ ऑक्टोबर

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

राग आला. खोटं कशाला लिहू.

नवमीला आम्हीही शस्त्रं पुजतो. सगळ्या रायफली ओळीनं मांडतात, फक्त पहाऱ्यावरच्या जवानाची मांडत न्हाईत. पंडितजी त्याच्यापाशी जातात आणि त्याच्या हातातल्या रायफलीला कुंकू लावतात. वर्षानुवर्षं बघतोय. पेटीबद्दल एवढं लिहिलं, पण हे लिहायचं मला सुचलं न्हाई.

रजा मंजूर आहे, पण बर्फानं वाट बंद. आबांना वेगळं लिहिलंय, तुझ्याशी बोला म्हणून. यशाला काय लिहू? कागद घेतो आणि ठेवून देतो. तूच सांग.

तुझा शंभू


९ नोव्हेंबर

चि. शंभूराज यास आशीर्वाद.

यशा घरी आलाय. कुबड्या कोपऱ्यात आणि तोंड भिंतीकडं. लालासाहेब आता मला चहा झाला का विचारतो. त्यापुढं जात न्हाई, पण तेवढं तरी विचारतो.

लालासाहेब लोडर विकायला निघाला होता. रेश्मा आडवी आली, म्हणाली, फुटलेला बांध तसाच हाय, माती कोण टाकणार. माहेरी जतला बापाचा ट्रॅक्टर तिनंच चालवलाय. पेटी मागं अडकवली आणि बसली.

काल आम्ही हट्ट करून यशाला खुर्चीसकट ओढ्याकडं नेला. रेश्मानं बकेटीचं तोंड नको तेवढं खाली वळवलं. ती मातीत रुतली आणि ट्रॅक्टर जागेवर बंद. तसा यशा ओरडला, वैनी, बकेट हाय ती, आमटीतला डाव न्हाई, तोंड वर करा तिचं. दवाखान्यातनं आल्यापासनं त्याचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. रेश्मानं तोंड वर केलं, पुढं गेली आणि पुन्हा तस्संच रुतवलं. पुन्हा बोलणी खाल्ली. ट्रॅक्टरवर वाढलेली पोरगी, अशी चुकणारी न्हाई ती. आत्ता हे लिहिताना खाली मान घालून बसलीय.

म्हणून सांगते, यशाची समजूत घालायला जाऊ नको. बांध कसा भरायचा ते त्याला विचार, आणि चुकीचं विचार.

त्या दुपारचं त्यानं अजून मला काही म्हटलेलं न्हाई. तो वैनीवर ओरडतो आणि मी खुर्चीला टेकून उभी राहते. एक दिवस माझ्याकडं वळून ओरडंल, त्याची वाट बघते. ओरडला की कळवीन.

वाट उघडली की ये. माया आतासारखीच असू दे.

तुझी आज्जी