पाहुण्यांनी न घेतलेलं पाणी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, ११ मार्च २०२४

ती. आप्पांना धाकट्या भावाचा, अजिनाथचा साष्टांग नमस्कार.

श्रेयाने घरचं पाणी पिणं सोडलं आहे. काल तिच्या शाळेतल्या रत्नमालाबाईंनी फोनवर हे सांगितलं आणि आज सकाळी बानावहिनींनी ते खरं असल्याचं सांगितलं. तुमची नात शाळेत टँकरच्या पाण्याची बाटली भरून घेते आणि तीच दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवते. मला हे तुमच्याकडून कळायला हवं होतं. शनिवारी तुम्ही एवढंच म्हणालात, "समदं बरं हाय. तू तुझा पेपर बघ," आणि फोन ठेवलात. म्हणून पत्र. कडुबा भाजीचा टेम्पो रिकामा करून उद्या परत निघेल, त्याच्या हाती देतो. नेहमीसारखं हे श्रेयाकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावा आणि स्वतः वाचा.

इकडे आम्ही ठीक. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्या दिवशी सगळी गल्ली घरीच असते. शेंद्र्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी प्लॉटिंगच्या इतक्या कमानी झाल्यात की परवा बसमधून मला आपल्या वस्तीचं वळणच ओळखू आलं नाही. हिने सत्यशीलेसाठी राजगिऱ्याचे लाडू दिलेत. सुनेला सहावा महिना लागला असेल ना? तिला जपा.

तुम्हाला विहिरीबद्दलच लिहायचं आहे, पण आधी शाळेबद्दल लिहितो.

रत्नमालाबाई मोबाईलवर स्वतः जपानी शिकल्या आणि मग त्यांनी पोरांना शिकवायला घेतलं, तेव्हा तुम्ही पारावर सगळ्यांना हसवलं होतं. "मेंढरं काय जपानी बोलत्यात व्हय? हितं इंग्रजी धड यीना अन् हे नवंच खूळ." बाई रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या होत्या, "आप्पा, कंपन्या तर येणारच आहेत. आपली पोरं गेटवर उभी राहणार असतील, तर आत काय बोलतात ते त्यांना कळू तरी द्या." तुम्ही म्हणालात, "कळून काय दिवं लावणार?"

काय कळलं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

फेब्रुवारीत ते दोन जपानी पाहुणे माळावरची जागा बघायला आले आणि शाळेत त्यांचा सत्कार झाला. मी तुमच्या शेजारीच बसलो होतो. श्रेयाने त्यांच्या भाषेत स्वागत केलं, तेव्हा थोरल्या पाहुण्याने उठून टाळ्या वाजवल्या. तुमची मान ताठ झालेली मी पाहिली. मग तुम्ही तांब्याच्या पेल्यातून आपल्या विहिरीचं पाणी मागवलंत. "आमच्या हिरीचं हाय म्हनावं. समद्या पंचक्रोशीच्या हिरी दिवाळीलाच बसल्या, ही काठोकाठ हाय. बिरोबाची किरपा." दुभाष्याने ते त्यांना सांगितलं आणि त्याचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला.

थोरल्याने पेला नाकापाशी नेला, हसला आणि खाली ठेवला. धाकट्यानेही ठेवला. दोघं एकमेकांशी हळू काहीतरी बोलले. सातवीतल्या पोरीला स्वागतापलीकडे काही समजत असेल, असं त्यांना वाटलं नसावं. श्रेया ताट धरून तिथेच उभी होती. ती लाजली असं मला वाटलं. मग तिने ते दोन्ही पेले उचलले आणि बाहेर नेऊन ओतून टाकले. मी माझा पेला संपवला होता आणि आणखी मागितला होता.

संध्याकाळी तिने ऐकलेलं तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पाहुण्याच्या तोंडचं चोरून ऐकायचं, हे शिकिवलं व्हय बाईनं?" आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन जपानीचा तास बंद करायला लावलात. तुमच्या रामहरीला नव्या कंपनीत घेण्याचा शब्द मिळालाय आणि पाहुणे दुखावले तर तो जाईल, ही तुमची भीती मला समजते. पोराने जन्मभर मेंढरांमागे फिरू नये, असं मलाही वाटतं.

पण आमच्या वर्तमानपत्राच्या धंद्यात एकाच तोंडची बातमी छापत नाहीत. मी श्रेयाला इथे जपानी शिकवणाऱ्या एका बाईंशी फोन जोडून दिला आणि म्हणालो, "तू ऐकलंस ते त्यांच्याच शब्दांत म्हण, अर्थ सांगू नकोस." तिने दोन वाक्यं म्हणून दाखवली. बाईंनी लगेच अर्थ सांगितला. पहिलं वाक्य, "हे पाणी न प्यायलेलं बरं." दुसरं, "मुलंही हेच पितात की काय?" नंतर बाईंनी मला विचारलं, "कुठली मुलं?" आपल्या शाळेतली, मी म्हणालो.

पाणी, पिणं, मूल. हे अगदी पहिल्या धड्यांतले शब्द आहेत, आप्पा. पोरीची ऐकण्यात चूक झालेली नाही.

त्या परदेशी माणसाला आपल्या पाण्यातलं काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. रत्नमालाबाईंनी त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं. आपल्याकडे येण्याआधी ते माळापलीकडच्या कारखान्याच्या मागून फिरून आले होते. तिथे भिंतीलगत मोठा खड्डा आहे, त्यात काळपट पाणी साचलेलं असतं. पाहुणे तिथे बराच वेळ उभे होते, आणि तोच वास त्यांना पेल्यात आला असावा. आपली विहीर त्या खड्ड्याच्या उतारावर आहे. पाऊस नाही, तळं आटलंय, तरी विहिरीत पाणी वाढतंय. ते कुठून तरी येतंय. मी नमुना तपासायला दिला आहे, उत्तर यायचं आहे. तोपर्यंत कोणाचं नाव घेणार नाही, कुठे छापणारही नाही. तुमच्याशी मात्र बोलणार.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

काल मी फोनवर रामहरीला सहज विचारलं, विहीर दारात भरलेली असताना मेंढरं रोज नदीच्या डोहापर्यंत का नेतोस? तो म्हणाला, "काका, मेंढरं तोंडच लावंनात त्या पान्याला. आप्पाच म्हनले, लांब ने, पर कुनाला बोलू नको."

तुम्हाला माहीत होतं. पाहुणे यायच्या आधीपासून माहीत होतं. मी लहान असताना रानात डबकं दिसलं की धावायचो, तेव्हा तुम्ही माझी मानगूट धरायचात. "थांब की. आधी मेंढरं काय म्हनत्यात बघू." मेंढरांचं तुम्हाला न शिकवता कळत होतं. श्रेयाला पाहुण्यांचं कळलं ते कोणीतरी शिकवलं म्हणून. दोघांनी एकच सांगितलं आणि तुम्ही दोघांनाही गप्प केलंत.

रामहरीने आणखी एक सांगितलं. तुम्ही थांबवण्याआधी ज्या मेंढ्या ते पाणी प्यायल्या, त्यांनी गाभ टाकला. आणि सत्यशीला अजून रोज त्याच विहिरीची कळशी भरते, तेच पिते. मेंढ्यांचं तिला कोणीच सांगितलेलं नाही. श्रेयाने पाण्याचं सांगितलं, तर तुम्ही त्या पोरीला खोटं पाडलंत.

गुरुवारी विहिरीवरून शाळेच्या टाकीला आणि वस्तीतल्या घरांना नळ सुटणार, हे वहिनींकडून समजलं. गावाला पाणी पुरतं असं कळवलं गेल्यामुळे टँकर बुधवारी शेवटचा. म्हणजे श्रेयाची बाटलीही संपली. नारळ तुम्ही फोडणार. पहिला पेला सत्यशीलेची ओटी भरून तिच्या हाती द्यायचा, असं बायकांनी ठरवलंय. जपानी पाहुणेही येणार आहेत आणि श्रेयाने पुन्हा स्वागत करावं, असं तुम्ही बाईंना सांगितलंय.

ती करणार आहे. आज फोनवर मला म्हणाली, "स्वागत झालं की मी त्यांना समद्यांसमोर इचारणार हाय, आजोबा. हे पानी तुम्ही का नाय पीत? वाक्य बसवून ठिवलंय. बाईंनी तपासलंय." मी तिला थांबवलं नाही. त्या थोरल्या पाहुण्याचा चेहरा मला आठवतो. तो खोटं बोलेल असं वाटत नाही.

तिच्यावर ती वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर आधी तुम्ही बोला. मी बुधवारी शेवटच्या बसने येतोय. टँकरचे दोन हंडे सत्यशीलेसाठी भरून ठेवा.

तुम्ही मानगूट धरून थांबवलेला,
अजिनाथ